वाचकांचे प्रश्न : एफटीपीच्या जुन्या लिंक आता उघडत का नाहीत?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा आली आहे. 'एफटीपी'ने सुरू होणारी जुनी लिंक दाबली की क्रोम, फायरफॉक्स, एज यांपैकी कुणीच ती उघडत नाही. एफटीपी ही एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाइल नेण्याची, वेबच्याही आधीची पद्धत. मी बरीच वर्षं एका शिक्षणसंस्थेचे सर्व्हर सांभाळले. त्यांत सगळ्यांसाठी खुला असलेला एक एफटीपी सर्व्हरही होता, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. सारख्या शंका एकत्र करून उत्तरं देते.

प्रश्न : ताई, मी निवृत्त प्राध्यापक आहे. हवामानाच्या जुन्या नोंदी ज्या सर्व्हरवर होत्या त्यांच्या लिंक मी ब्राउझरमध्ये जपून ठेवल्या होत्या. आता त्या दाबल्या की एक तर काहीच होत नाही, नाही तर 'हे कोणत्या अ‍ॅपने उघडू' असं संगणक विचारतो. त्या फाइली कुणी काढून टाकल्या का? ब्राउझरची जुनी आवृत्ती टाकली तर सगळं पूर्वीसारखं चालेल, असं एकाने सुचवलं आहे.

सर, जुनी आवृत्ती मुळीच टाकू नका. ब्राउझर दिवसभर अनोळखी ठिकाणची पानं उघडत असतो आणि त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी दर काही आठवड्यांनी दुरुस्त होत असतात. २०२० सालचा ब्राउझर आज वापरायचा, तर तेव्हापासून सापडलेली प्रत्येक त्रुटी तुमच्या संगणकावर जशीच्या तशी राहणार. त्याच ब्राउझरमधून तुम्ही बँकेचं पानही उघडणार. काही फाइलींसाठी हा धोका पत्करू नये.

फाइली बहुधा जिथल्या तिथेच आहेत. क्रोमने जानेवारी २०२१ मध्ये, ८८व्या आवृत्तीत, एफटीपी सगळ्यांसाठी बंद केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ९५व्या आवृत्तीत त्याचा कोडही काढून टाकला. फायरफॉक्सने १९ एप्रिल २०२१ला ते बंद केलं आणि जुलैत, ९०व्या आवृत्तीत, पूर्ण काढलं. एज हा क्रोमच्याच पायावर उभा असल्याने तोही त्याच वाटेने गेला. सफारी तर एफटीपीचा पत्ता आला की स्वतः न उघडता मॅकच्या फाइंडरकडे सोपवतो. म्हणजे बदल झाला तो तुमच्या संगणकावरच्या ब्राउझरमध्ये. पलीकडच्या सर्व्हरला कुणी हात लावलेला नाही.

आधी सोपा उपाय करून बघा. पत्त्याच्या अगदी सुरुवातीचं, कोलनच्या आधीचं 'एफटीपी' खोडा, तिथे 'एचटीटीपीएस' (वेबपानं सुरक्षितपणे उघडण्याची आजची पद्धत) लिहा आणि पुढचा पत्ता अक्षरही न बदलता तसाच ठेवा. सर्व्हरच्या नावातही 'एफटीपी' असेल तर ते राहू द्या, ते फक्त नाव आहे. अमेरिकेतल्या एनसीबीआय या जैवतंत्रज्ञान माहिती केंद्राच्या सर्व्हरचं किंवा ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या सर्व्हरचं नाव आजही एफटीपीनेच सुरू होतं, पण एचटीटीपीएसने ते कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतात आणि आतले फोल्डरही पूर्वीसारखेच दिसतात.

तसं झालं नाही तर ब्राउझर बाजूला ठेवा. विंडोजमध्ये कुठलाही फोल्डर उघडा आणि वरच्या पत्त्याच्या पट्टीत पूर्ण एफटीपी पत्ता चिकटवा. फाइल एक्सप्लोरर तो अजून उघडतो. मॅकवर फाइंडरच्या 'गो' मेनूतला 'कनेक्ट टू सर्व्हर' हा पर्याय घ्या. मोठे फोल्डर चाळायचे असतील तर फाइलझिला हा मोफत प्रोग्रॅम टाका, मात्र त्याच्या अधिकृत स्थळावरूनच. नाव विचारलं तर 'अ‍ॅनॉनिमस' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचा. पासवर्डच्या जागी आपला ईमेल पत्ता लिहायची जुनी रीत आहे, पण बहुतेक ठिकाणी ती जागा रिकामी ठेवली तरी चालते.

यातलं काहीच चाललं नाही, तर सर्व्हरचालकांनीच एफटीपी बंद केलं असण्याची शक्यता आहे. लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, सार्वजनिक एफटीपी सर्व्हर १ मार्च २०१७ला बंद झाला, लिनक्सवरच आधारलेल्या डेबियन या सिस्टिमचा त्याच वर्षी १ नोव्हेंबरला. दोन्हीकडच्या फाइली वेबवरून मिळत राहिल्या. तुमच्या बाबतीतही फाइलचं अचूक नाव अवतरणचिन्हांत घालून शोधा, पुष्कळदा दुसऱ्या पत्त्यावर सापडते. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहातही बंद पडलेल्या एफटीपी सर्व्हरांच्या प्रती साठवलेल्या आहेत. तिथे शोधताना सर्व्हरचं जुनं नाव वापरा.

प्रश्न : मॅडम, मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी आहे. सार्वजनिक फाइलीत गुपित काहीच नसतं, पासवर्डही लागत नाही. मग एफटीपी 'असुरक्षित' कसं? मला तर यात मोठ्या कंपन्यांची दादागिरी दिसते.

गुपित नसलं म्हणजे धोका नसतो, हा समज आधी काढून टाक. फाइल वाटेत कुणी वाचणं वेगळं आणि वाटेत कुणी बदलणं वेगळं. समजा एखाद्या प्रोग्रॅमची इन्स्टॉल करायची फाइल तू एफटीपीने उतरवतो आहेस. तुझ्या आणि सर्व्हरच्या मधल्या कुठल्याही यंत्रावर ज्याचा ताबा आहे, मग ते कॉफीगृहातलं वायफाय असो की इंटरनेट पुरवणाऱ्याचा राउटर, तो तुला भलतीच फाइल देऊ शकतो. तुझ्या ब्राउझरला ते कळायला मार्गच नाही. एचटीटीपीएसमध्ये मजकूर वाटेत वाचता येत नाही, बदलला तर पकडला जातो आणि समोरचा सर्व्हर म्हणतो तोच आहे याची खात्री होते. साध्या एफटीपीत या तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही.

पासवर्ड असेल तर परिस्थिती आणखी वाईट. मी विद्यार्थ्यांना शिकवायचे तेव्हा वायरशार्क हा जाळ्यावरून जाणारा मजकूर दाखवणारा प्रोग्रॅम लावून माझ्याच चाचणी-सर्व्हरवर एफटीपीने लॉगिन करून दाखवायचे. पडद्यावर एका ओळीत 'यूझर' आणि पुढे नाव, खालच्या ओळीत 'पास' आणि पुढे पासवर्ड, जसा टाइप केला तसाच. फोडण्यासारखं काही नाही, नुसतं वाचायचं. तोच पासवर्ड आपण ईमेललाही वापरतो हे ज्यांच्या लक्षात यायचं त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तूही स्वतःच्या दोन संगणकांत हा प्रयोग करून बघ. मात्र दुसऱ्याच्या जाळ्यावर असलं काही करायचं नाही.

आता ब्राउझरच्या आतलं सांगते, कारण पत्रांत याबद्दल कुणीच विचारलेलं नाही आणि निर्णयाचं खरं कारण बऱ्याच अंशी तिथेच आहे. एफटीपीत फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागायची 'लिस्ट' ही आज्ञा आहे. पण उत्तरात यादी कशी लिहायची हे मूळ नियमांत ठरवलेलंच नव्हतं. युनिक्सचा सर्व्हर एका तऱ्हेने यादी देई, विंडोजचा दुसऱ्या, जुने मोठे संगणक तिसऱ्याच तऱ्हेने. तारीख कुठे, आकार कुठे, नावात मोकळी जागा असेल तर काय, हे सगळं ब्राउझरने अंदाजाने ओळखायचं. यंत्राला नीट वाचता येईल अशा यादीचा नियम पुढे २००७ साली आला, तोवर जगभरचे सर्व्हर आपापल्या पद्धतीने चालू होते. अनोळखी सर्व्हरने पाठवलेल्या मजकुराचा अंदाज बांधणारा जुना कोड म्हणजे हल्लेखोराला आयती संधी. वापरणारे थोडे, कोडला हात लावणारे त्याहून थोडे. असा कोड कोट्यवधी लोकांच्या ब्राउझरमध्ये ठेवणं मलाही पटलं नसतं.

एफटीपीला टीएलएसचं (एचटीटीपीएसमागे असलेल्या सांकेतिक आवरणाचं) संरक्षण देणारा एफटीपीएस हा प्रकार होता आणि त्याचे नियम २००५मध्येच प्रसिद्ध झाले होते, मग ब्राउझरांनी तो का घेतला नाही, असा तुझा पुढचा प्रश्न असेल. त्याचं उत्तर एफटीपीच्या मूळ रचनेत आहे. एफटीपीला दोन जोडण्या लागतात. पोर्ट २१वर (पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांक दिलेलं दार) आज्ञांची देवाणघेवाण होते आणि फाइल दुसऱ्याच जोडणीवरून येते. मूळ पद्धतीत तुझा संगणक आपला पत्ता आणि पोर्ट कळवतो आणि सर्व्हर उलट तुझ्याकडे जोडणी करतो. फायरवॉलला, म्हणजे जाळ्याच्या पहारेकऱ्याला, असं बाहेरून आत येणारं कुणी चालत नाही. म्हणून 'पासिव्ह' पद्धत आली, त्यात सर्व्हर आपला पोर्ट कळवतो आणि तू तिकडे जातोस. तरीही मधल्या फायरवॉलला आज्ञांच्या जोडणीतला मजकूर वाचून 'आता अमुक पोर्ट उघडायचा' हे ठरवावं लागतं. एफटीपीएसमध्ये तोच मजकूर झाकला जातो, फायरवॉलला काही दिसत नाही आणि जोडणी मध्येच अडकते. एचटीटीपीएस एकाच पोर्टवरून हे सगळं करून देत असताना एवढा खटाटोप कोण करणार?

दादागिरीचं म्हणशील, तर बदल एका रात्रीत झालेला नाही. २०१७च्या अखेरीस क्रोमने एफटीपीच्या पत्त्यांवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का दाखवायला सुरुवात केली. २०१९च्या सुरुवातीपासून एफटीपीवरची फाइल ब्राउझरमध्ये न उघडता फक्त डाउनलोड होऊ लागली. २०२०मध्ये बंद करायचं ठरलं होतं, पण महासाथीत लोकांना हवी ती माहिती मिळण्यात अडथळा येऊ नये म्हणून क्रोमने ते पुन्हा चालू केलं आणि फायरफॉक्सनेही आपलं पाऊल पुढे ढकललं.

माझी तक्रार वेगळीच आहे. एफटीपीची लिंक दाबल्यावर ब्राउझरने एक साधं पान दाखवायला हवं होतं: 'हा पत्ता आम्ही आता उघडत नाही, फाइल तिथे असू शकते, ती अशी मिळवा.' त्याऐवजी तो मुकाट्याने लिंक ऑपरेटिंग सिस्टिमच्या गळ्यात टाकतो. वरच्या पत्रातल्या प्राध्यापकांसारख्या जाणत्या माणसालाही वाटलं की फाइल गेली. काढायचा निर्णय योग्य होता. वाचकाला असं वाऱ्यावर सोडणं मात्र मला आजही खटकतं.

प्रश्न : एफटीपी नेमकं कुणी आणि कधी तयार केलं? घरी यावरून वाद झाला आहे.

अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून १९६५ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत एमआयटीत गेले. तिथे असताना १६ एप्रिल १९७१ या तारखेने त्यांनी 'आरएफसी ११४' हा दस्तऐवज लिहिला. आरएफसी म्हणजे जाळ्याचे नियम मांडणाऱ्या दस्तऐवजांची मालिका. एफटीपीचा पहिला आराखडा तो हाच. तेव्हा आजचं इंटरनेट नव्हतं, त्याचं पूर्वरूप असलेलं आर्पानेट होतं आणि त्यावर थोडीच यंत्रं होती, तीही एकमेकांशी न जुळणारी. अक्षरं साठवायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी, फाइलींची मांडणी निराळी. अशा यंत्रांमध्ये फाइल पाठवायची तर दोघांना समजेल अशी बोली हवी. ती भूषण यांनी आखून दिली. पुढे तिच्यात पुष्कळ भर पडली आणि जॉन पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांनी ऑक्टोबर १९८५मध्ये लिहिलेला 'आरएफसी ९५९' हा तिचा कायमचा आधार ठरला.

त्या काळात पासवर्ड उघडा जातो म्हणून एफटीपी बनवणाऱ्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. जाळ्यावर विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या, माणसं एकमेकांना ओळखत होती. शिवाय या पद्धतीनेच एक फार मोठी गोष्ट रुजवली. आपल्या फाइली 'अ‍ॅनॉनिमस' नावाने जगाला खुल्या करायच्या, ओळख न विचारता. अशा खुल्या सर्व्हरांची संख्या इतकी वाढली की त्यांत शोध कसा घ्यायचा हाच प्रश्न झाला. त्यावर १९९०मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज यांनी 'आर्ची' तयार केलं. ते एफटीपी सर्व्हरांवरच्या फाइलनावांची सूची करून ठेवी आणि विचारलं की पत्ता सांगे. इंटरनेटवरचं पहिलं शोधयंत्र म्हणून त्याचंच नाव घेतात. वेब लोकांपुढे यायच्या आधीची ही गोष्ट आहे. वाद कुणी जिंकला ते जरूर कळवा.

प्रश्न : माझ्या छोट्या व्यवसायाची वेबसाइट आहे. होस्टिंगवाल्यांनी एफटीपीचं नाव आणि पासवर्ड दिला होता. ब्राउझरमध्ये पत्ता टाकून मी फाइली बघायचो. आता काय करू? एसएफटीपी आणि एफटीपीएस हे दोन शब्द ऐकले, एकच का?

एक नाहीत. नावं सारखी असल्याने इथे भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. एफटीपीएस म्हणजे तेच जुनं एफटीपी, वर टीएलएसचं आवरण. दोन जोडण्यांची डोकेदुखी तशीच. एसएफटीपी ही मुळातच वेगळी पद्धत आहे. ती एसएसएचचा, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करायच्या पद्धतीचा, भाग आहे आणि एकाच जोडणीवर, पोर्ट २२वर, सगळं काम करते. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात जाळ्यावरून पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडला, त्यानंतर तातू युलोनेन यांनी १९९५मध्ये एसएसएच लिहिलं. म्हणजे ज्या दुखण्याबद्दल मी वर लिहिलं, त्याच दुखण्यावरचं हे औषध.

दोन्हींतून निवडायची वेळ आली तर एसएफटीपी घ्या. होस्टिंगच्या नियंत्रण-पानावर 'एसएसएच' किंवा 'एसएफटीपी' चालू करण्याची सोय शोधा. नाही सापडली तर त्यांना लिहून विचारा. फाइलझिला किंवा तसाच विनएससीपी हा प्रोग्रॅम उघडा आणि नवीन साइट नोंदवताना प्रोटोकॉलच्या जागी एसएफटीपी निवडा. पहिल्यांदा जोडताना एक खिडकी येईल, तिच्यात सर्व्हरच्या किल्लीचा ठसा म्हणून अक्षर-अंकांची लांब ओळ दिसेल. लोक ती न वाचताच 'हो' म्हणतात. तुम्ही होस्टिंगवाल्यांकडून ती ओळ मागवून घ्या आणि ताडून बघा. ही तसदी एकदाच घ्यायची असते. पुढे कधी 'किल्ली बदलली आहे' असा इशारा आला, तर मात्र थांबा आणि त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

होस्टिंगवाले एसएफटीपी देतच नसतील तर फाइलझिलात 'टीएलएस आवश्यक' असा एफटीपीचा पर्याय निवडा. तोही नसेल आणि साधं एफटीपीच वापरा असा त्यांचा आग्रह असेल, तर होस्टिंग बदला. इतक्या वर्षांनंतर हा आग्रह धरणाऱ्यांनी तुमच्या सर्व्हरवर आणखी काय काय दुर्लक्षून ठेवलं असेल, याचा विचार करा.

आणि पासवर्ड आजच बदला. तुम्ही ब्राउझरमधून आत जात होता म्हणजे तो प्रत्येक वेळी उघडाच गेला आहे. पत्त्यातच नाव, कोलन, पासवर्ड असं लिहून बुकमार्क केला असेल तर तोही खोडा. अशा ओळी ब्राउझरच्या इतिहासात राहतात आणि बुकमार्क दुसऱ्या यंत्रांवर जातात तेव्हा पासवर्डही सोबत जातो.

प्रश्न : ऑफिसातला स्कॅनर कागद स्कॅन करून एफटीपीनेच संगणकावर पाठवतो. तो बंद पडेल का?

नाही. त्यात ब्राउझरचा काही संबंधच नाही. स्कॅनर आणि संगणक आपसात बोलतात. एवढं बघा की संगणकावरचा एफटीपी सर्व्हर ऑफिसच्या जाळ्याबाहेरून दिसत नाही, स्कॅनरसाठी वेगळं खातं आहे आणि त्या खात्याला त्या एकाच फोल्डरमध्ये लिहिता येतं. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये एसएफटीपी असेल तर ते वापरा.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या एफटीपी सर्व्हरवर जुने अहवाल, नोंदी, छायाचित्रं असा वीस वर्षांचा साठा आहे. कितीतरी प्रबंधांत आणि लेखांत त्याचे पत्ते छापलेले आहेत. 'आता कुणी बघत नाही, बंद करून टाका' असं वरून सुचवलं जातंय. मी एकटीच हे सांभाळते. काय करू?

बंद करू देऊ नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्या जागी मी होते.

कुणी बघत नाही म्हणजे ब्राउझरमधून कुणाला बघता येत नाही. हे वाक्य वरिष्ठांना असंच सांगा. आणि उपाय फार मोठा नाही हेही सांगा. फाइली हलवायच्या नाहीत, त्याच फोल्डरवर एक वेब सर्व्हर बसवायचा. अपाचे किंवा एनजिनेक्स, दोन्ही मोफत आणि दोन्हींत फोल्डरची यादी आपोआप पानावर दाखवण्याची सोय आहे. एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र विनामूल्य मिळतं आणि त्याचं नूतनीकरण आपोआप होतं. नेमकं करायचं काय, तर जुन्या पत्त्यात 'एफटीपी'च्या जागी 'एचटीटीपीएस' लिहिलं की तीच फाइल उघडली पाहिजे. सर्व्हरचं नाव तेच, फोल्डरचा मार्ग तोच, फाइलचं नाव तेच, अक्षरांचं लहान-मोठेपणही तेच. पुढे कुठल्याही वाचकाने छापील पत्त्यात एवढा एकच बदल केला की तो तुमच्यापर्यंत पोचेल. या निमित्ताने साठा 'नीट लावून' घेण्याचा मोह अनेकांना होतो. टाळा. दिसायला गबाळी असलेली जुनी मांडणी जशीच्या तशी ठेवणं, ही त्या प्रबंधांच्या वाचकांची सर्वांत मोठी सेवा आहे.

काही बारकावे आहेत, ते आधीच कळलेले बरे. जुन्या फाइलनावांत इंग्रजीबाहेरची अक्षरं असतील तर ती युनिकोडपूर्व काळातली असू शकतात आणि वेबवर नावाच्या जागी चौकोन दिसतात. अशा नावांची यादी आधी काढा आणि नाव बदलावं लागलंच तर जुन्या नावावरून नव्याकडे वळवण्याची सोय ठेवा. फाइली दुसऱ्या यंत्रावर न्यायच्या झाल्याच, तर मूळ तारखा टिकतील अशा रीतीने न्या. आरसिंक या फाइलींच्या प्रती करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तसा पर्याय आहे. अहवाल केव्हा ठेवला गेला याचा एकमेव पुरावा पुष्कळदा ती तारीखच असते. मग एफटीपीवर फोल्डर उघडल्यावर दिसणारा स्वागताचा मजकूर. 'या फोल्डरमध्ये अमुक वर्षांच्या नोंदी आहेत, अमुक महिना गहाळ आहे' असल्या मोलाच्या ओळी त्यात असतात आणि त्या ज्या फाइलीत लिहिलेल्या असतात ती सहसा लपलेली असते. वेब सर्व्हर ती आपणहून दाखवत नाही. अपाचेत यादीच्या वर किंवा खाली अशी फाइल दाखवण्याची सेटिंग आहे, ती वापरा. माझ्या मते या एका कारणासाठी तुम्ही अपाचेच घ्यावा.

प्रत्येक फाइलचा 'एसएचए-२५६' हा ठसा (फाइल जराही बदलली की बदलणारी अक्षर-अंकांची ओळ) काढून एका यादीत ठेवा. तो करताना फाइली उघडूनही बघा, निदान चित्रं आणि झिप फाइली. एफटीपीत मजकुराची एक पद्धत आणि जशीच्या तशी नेण्याची दुसरी, अशा दोन पद्धती आहेत. पूर्वी कुणी छायाचित्र चुकून मजकुराच्या पद्धतीने चढवलं असेल तर ओळींच्या शेवटाची चिन्हं बदलून ते बिघडलेलं असतं आणि आकार जवळजवळ बरोबर असल्याने ते कुणाच्या लक्षात येत नाही. मूळ प्रत कुठल्या तरी कपाटातल्या डिस्कवर असेल, तोवरच ती पुन्हा आणता येईल.

वेबची वाट सुरू झाल्यावर एफटीपी लगेच तोडू नका. काही संशोधकांचे प्रोग्रॅम रात्री आपोआप तिथून फाइली उचलत असतात, सर्व्हरच्या नोंदींत ते दिसतील. निदान वर्षभर दोन्ही चालू ठेवा, एफटीपीवर फक्त वाचण्याची परवानगी ठेवा, पासवर्डची सगळी खाती तिथून काढून एसएफटीपीवर न्या आणि एफटीपीच्या स्वागताच्या मजकुरात नवा पत्ता लिहा. साठ्याची एक पूर्ण प्रत संस्थेबाहेर कुठे तरी राहील असंही बघा. इंटरनेट आर्काइव्ह सार्वजनिक साठे स्वीकारतं. वरिष्ठांना सांगायला एक खर्चाचा मुद्दाही देते. वेबवरून जाणाऱ्या फाइली मधले साठवण-सर्व्हर धरून ठेवू शकतात, त्यामुळे तुमच्या यंत्रावरचा भार कमी होतो. एफटीपीत ती सोय नाही आणि डेबियनने आपले एफटीपी सर्व्हर बंद करताना हेही एक कारण दिलं होतं.

कुठे अडलात तर पुन्हा लिहा. उत्तर अंकाची वाट न बघता पाठवीन.

प्रश्न : मला आकाशनिरीक्षणाच्या जुन्या नोंदींचा अख्खा फोल्डर उतरवायचा आहे. तो अजून एफटीपीवरच आहे. एकेक फाइल दाबत बसणं शक्य नाही.

एकेक दाबायची गरज नाही. डब्ल्यूगेट, कर्ल आणि एलएफटीपी हे तिन्ही प्रोग्रॅम आजही एफटीपी बोलतात. पूर्ण फोल्डरसाठी एलएफटीपी उत्तम, त्यातल्या 'मिरर' आज्ञेने आतले सगळे फोल्डर जसेच्या तसे येतात आणि मध्येच जोडणी तुटली तर उरलेल्या फाइलींपासून पुढे चालू करता येतं. आधी एचटीटीपीएसने तोच फोल्डर उघडतो का ते बघा. उघडला तर डब्ल्यूगेटनेही काम होईल. एका वेळी एकच जोडणी ठेवा आणि वेगाला मर्यादा घाला, कारण असे सर्व्हर जुन्या यंत्रांवर चालतात आणि एकदम ताण आला तर चालक बाहेरच्यांना प्रवेशच बंद करतात. फाइली मिळाल्यावर फोल्डरमध्ये ठशांची यादी आहे का ते शोधा. असेल तर ती वेगळ्या सुरक्षित वाटेने, म्हणजे संस्थेच्या वेबसाइटवरून, मिळते का ते बघून त्या यादीशी ताडा. एफटीपीनेच आलेली यादी वाटेत काही बिघडलं का हे सांगेल, पण कुणी मुद्दाम बदलून ठेवलं असेल तर ते तिला सांगता येणार नाही.